टोकियोत अकासाका कसं फिरायचं: सकाळी माकडांचा देव, रात्री शेवटची मेट्रो

टोकियोहून आल्यापासून इथे इंदूरला राजेंद्रनगरात भाजी घ्यायला निघाले तरी कुणीतरी थांबवून विचारतं, काय काय बघितलं हो. त्यातल्या दोघी-तिघी खरंच जाणार आहेत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पूर्ण टोकियो नाही सांगणार, ते यूट्यूबवर पाहिजे तेवढं आहे. मी सांगतेय ते अकासाका आणि त्याला चिकटून असलेलं नोगिझाका, रोप्पोंगी. हा मिनातो वॉर्डातला पैसेवाला पट्टा, वकिलाती, टीव्ही कंपनी, मोठाली हॉटेलं, मागच्या टेकाडावर त्यांची संसद. आम्ही तिघं गेलो होतो, मी, आमचे हे, आणि नणंद म्हणजे ताई, जिचा मुलगा तिथे नोकरीला आहे. तो राहतो निशिकासाईला, तिथे आपले भारतीय भरपूर, पण त्याच्या घरात चार माणसं एका वेळी वळू शकत नाहीत, म्हणून हॉटेल अकासाकात घेतलं. महाग पडेल अशी भीती होती, पण चार दिवसांनी कळलं की हाच शहाणपणा होता.

का ते सांगते. आपला सराफा कसा, दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि रात्री शटर पडली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस आणि गराडू, तसं अकासाका आहे. दिवसा सूटबूटवाले ऑफिसला पळत असतात, आणि संध्याकाळी सहानंतर त्याच गल्ल्यांत कंदील लागतात, धूर निघतो, माणसं मोठ्याने हसायला लागतात. आणि मधेमधे टेकडीवर, वळणावर, पेट्रोल पंपाच्या पलीकडे कुठेतरी एकदम देऊळ. म्हणजे देव, बाजार आणि रात्रीचं खाणं सगळं पायी. ज्यांना दिवसातून तीनदा मेट्रो बदलायचा कंटाळा आहे त्यांनी इथेच राहावं. फक्त ‘साका’ म्हणजे चढ हे लक्षात ठेवा, नावातच चढ आहे, नोगिझाका पण चढ. नवे कोरे बूट घालून जाऊ नका, इथे महिनाभर वापरून मगच न्या. ह्यांनी ऐकलं नाही, पहिल्याच दिवशी टाच सोलली.

पोचायचं कसं. इंदूरहून दिल्ली आणि दिल्लीहून टोकियोला थेट विमान आहे. शक्यतो हानेदाला उतरणारं बघा, नारिता लांब पडतं. हानेदाहून केइक्यूची गाडी पकडायची, बऱ्याच गाड्या पुढे सरळ सबवेवर जातात त्यामुळे शिंबाशीपर्यंत उतरावं लागत नाही, तिथे गिंझा लाइन, आणि तिसरं स्टेशन अकासाका-मित्सुके. अकासाका नावाचं वेगळं स्टेशन पण आहे, चियोदा लाइनवर, आणि तिसरं तामेइके-सान्नो. बुकिंग करताना हॉटेल यातल्या कुठल्या स्टेशनजवळ आहे ते बघा, ‘अकासाका’ एवढंच वाचून खूश होऊ नका, सामान ओढत चढावर वीस मिनिटं म्हणजे काय ते आम्हाला विचारा. विमानतळावरच सुइका किंवा पास्मो कार्ड घेऊन टाका, मेट्रो, बस, कोपऱ्यावरचं दुकान, पाण्याचं मशीन, सगळीकडे चालतं. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. हिशेबाला १०० येन म्हणजे आपले साधारण ५५-६० रुपये धरा, निघायच्या दिवशीचा भाव बघून घ्या.

वार बघून प्लॅन करा, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. इथलं नॅशनल आर्ट सेंटर आणि टोकियो मिडटाउन या मोठ्या मॉलमधलं सन्टोरी म्युझियम मंगळवारी बंद असतं, मोरी आर्ट म्युझियम एरवी रात्री दहापर्यंत आणि मंगळवारी पाचलाच बंद, आणि अकासाका पॅलेस म्हणजे १९०९ चा तो युरोपी थाटाचा सरकारी अतिथी महाल बुधवारी बंद. म्हणजे मंगळवार-बुधवार देवळांना आणि बाजाराला द्या. ऋतू म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा एप्रिल. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा असा चिकट की आपला मे परवडला. जून पावसाचा, पण सम सालात जूनच्या मध्यात हिए देवळाची सान्नो मात्सुरी असते, मोठी मिरवणूक शहरातून फिरते, ती एक साल आड येते कारण मधल्या सालात कंदा नावाच्या दुसऱ्या देवळाची पाळी. तेव्हा जात असाल तर छत्री घेऊन जाच.

आता देवळं. सुरुवात हिए जिंजापासून. जिंजा म्हणजे शिंतो देऊळ, शिंतो हा जपानचा मूळ धर्म. कागदोपत्री हे शेजारच्या चियोदा वॉर्डात येतं पण अकासाकाच्या डोक्यावरच बसलंय असं समजा. सकाळी सातच्या आसपास जा, ऑफिसवाले कामावर जायच्या आधी वाकून नमस्कार करून जातात ते बघायला मिळतं, अगदी आपल्याकडे लोक स्कूटर बाजूला लावून खजराण्याच्या गणपतीला डोकं टेकवून जातात तसं. मुख्य रस्त्याच्या बाजूने गेलात तर देवळाला चक्क सरकता जिना आहे. ताईंच्या गुडघ्यांनी तिथेच जपानला आशीर्वाद दिला. वर दिसते ती कमान, तोरी, बाकीच्यांसारखी नाही, वर त्रिकोणी टोपी आहे, जोडलेल्या हातांसारखी दिसते आणि तसंच तिला म्हणतात पण. देवाचा दूत माकड आहे, एक नर आणि एक मादी, मादीच्या कुशीत पिल्लू, त्यामुळे मूल होऊ दे, बाळंतपण नीट होऊ दे अशा मागण्यांना लोक तिथे जातात. देऊळ आता दिसतं ते १९५८ चं, जुनं १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळलं. त्याआधी पण १६५७ च्या मोठ्या आगीत जळलं होतं, त्यानंतर ते १६५९ मध्ये इथे आणलं. उतरताना मात्र सरकत्या जिन्याने उतरू नका, पश्चिमेच्या बाजूला एकापाठोपाठ एक लाल कमानींची पायऱ्यांची बोगद्यासारखी वाट आहे, फोटो तिथेच काढायचा. क्योटोला जाऊन त्या हजारो कमानी बघायचा वेळ नसेल तर ही छोटी आवृत्ती आहे, आणि सकाळी सातला तुम्ही आणि एखादं मांजर एवढीच गर्दी.

दर्शनाची पद्धत शिकून घ्या, अवघड नाही. कमानीखालून जाताना थोडं वाकायचं आणि वाटेच्या मधोमध चालायचं नाही, मधली वाट देवाची. पाण्याच्या कुंडाशी पळीने आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या हातात पाणी घेऊन चूळ, पळी तोंडाला लावायची नाही. आपल्याला काही वेगळं वाटत नाही, आचमनाची सवय असतेच. पुढे जाऊन पेटीत नाणं टाकायचं. पाच येनचं चांगलं, कारण पाच येनला ते ‘गो-एन’ म्हणतात आणि त्याच उच्चाराचा अर्थ ऋणानुबंध असा पण होतो. मग दोनदा वाकायचं, दोनदा टाळ्या, हात जोडून जे मागायचं ते मनात, आणि शेवटी एकदा वाकायचं. चपला काढायच्या नाहीत. हे पचायला आम्हाला दोन दिवस लागले, ताई प्रत्येक वेळी वाकून चपलेला हात घालायच्या.

टाळ्यांचा नियम मात्र बुद्धमंदिराला नाही, आणि गंमत अशी की तिथे पुढचंच ठिकाण तुम्हाला फसवतं. तोयोकावा इनारी. अकासाका-मित्सुकेहून आओयामा रस्त्याने पाचेक मिनिटं चढा, डाव्या-उजव्या सगळ्या काचेच्या इमारती, आणि एकदम लाल पताका आणि शेकडो दगडी कोल्हे, गळ्यात लाल लाळेरं बांधलेले. इनारी ही त्यांची धान्याची देवता, नाव ऐकलं की शिंतो वाटतं, कमानी पण आहेत, पण हे झेन पंथाचं बुद्धमंदिर आहे, इथे टाळ्या वाजवत नाहीत, नुसते हात जोडायचे. ताईंनी दोन खणखणीत वाजवल्या, शेजारच्या आजींनी हसून मान डोलावली, विषय संपला.

पण मला सगळ्यात जास्त हेच देऊळ आवडलं आणि त्याचं कारण ऐका. इथली मुख्य देवता डाकिनीतेन, म्हणजे आपली डाकिनी, भारतातून चीनमार्गे तिकडे गेली आणि वाटेत पांढऱ्या कोल्ह्यावर बसली. आवारात सात भाग्यदेवता आहेत, त्यात बेंझाइतेन, ती आपली सरस्वती, हातात वीणेसारखं वाद्य. आणि दाइकोकुतेन, तो महाकाल. खरंच. ‘दाइकोकु’ म्हणजे महान काळा, महाकालाचंच शब्दशः केलेलं नाव. फक्त तिकडे जाऊन तो गुबगुबीत हसरा झालाय, खांद्यावर पोतं, हातात हातोडी, पायाखाली तांदळाची पोती, धंद्याचा देव. आम्ही दर श्रावणात उज्जैनला जाणारी माणसं, हजारो मैल लांब गेलो आणि टोकियोत महाकाल भेटला तो असा, ह्यांनी तर मोठ्यानेच ‘जय महाकाल’ म्हटलं. मी आजूबाजूला बघितलं, कुणाला काही कळलं नाही ते बरं.

तिथे आणखी एक करायचं. युझू इनारी म्हणून पैशाची अडचण सोडवणारा कोल्हा आहे, त्याच्याजवळ छोट्या पाकिटात १० येनचं नाणं मिळतं, ते आपल्या पैशाच्या पाकिटात ठेवायचं, आणि वर्षभराने परत नेऊन द्यायचं, शक्य तर थोडी भर घालून. म्हणजे देवाकडून उसने. नटनट्या, गायक या देवळात खूप येतात असं म्हणतात, टीव्ही कंपनी जवळच आहे.

अजून दोन देवळं आहेत. अकासाका हिकावा जिंजा, आतल्या गल्लीत, १७३० मध्ये शोगुन म्हणजे तेव्हाचा लष्करी राज्यकर्ता योशिमुने याने बांधवलं, आणि भूकंप आणि बॉम्ब दोन्हींतून वाचलं म्हणून लाकडाचं मूळ काम अजून बघायला मिळतं. गिंकोचं जुनं अवाढव्य झाड आहे, नोव्हेंबरच्या शेवटी गेलात तर पिवळाधमक. इथे एकही टुरिस्ट दिसला नाही, अर्धा तास नुसतं बसा. दुसरं नोगी जिंजा, नोगिझाका स्टेशनच्या तोंडालाच. सेनापती नोगी आणि त्यांची पत्नी, दोघांनी सम्राट मेइजींच्या अंत्यविधीच्या दिवशी १९१२ मध्ये स्वतःचं जीवन संपवलं, त्यांच्या नावाचं हे देऊळ, शेजारी त्यांचं घर. काय वाटावं ते नीट कळत नाही, पण बघून या. आणि देवळांची भूक शिल्लक असेल तर अकासाकाहून चियोदा लाइनने तिसरं स्टेशन मेइजी-जिंगुमाए, तिथे मेइजी जिंगू, सुमारे ७० हेक्टरचं जंगल शहराच्या मधोमध, ते सगळं माणसांनी लावलेलं आहे.

आता खाणं, कारण निम्म्या लोकांचा खरा प्रश्न हाच. आम्ही तिघंही शाकाहारी, अंडं चालतं, मासे नाही. जपानमध्ये भाजी दिसली म्हणजे शाकाहारी असं समजू नका, तिथल्या जवळजवळ प्रत्येक रश्श्यात दाशी असते, ती सुकवलेल्या माशाची. मिसो सूप, उदोन, सोबा, वांग्याची भाजी, अगदी तोयोकावाच्या आवारात मिळणारी ती इनारी सुशी, तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात, दिसायला निष्पाप, पण टोफू दाशीत शिजवलेला असू शकतो. भाच्याने आम्हाला एक वाक्य लिहून दिलं होतं, ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देसु’, मांस-मासे खात नाही, दाशी पण नको. ते जपानीत लिहून फोनवर ठेवा आणि ऑर्डरच्या आधी दाखवा, नंतर नाही. बऱ्याच ठिकाणी ते बिचारे वाकून माफी मागतात आणि नाही म्हणतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, खोटं बोलून वाढण्यापेक्षा बरं. अकासाका-रोप्पोंगीत भारतीय हॉटेलं आहेतच, दुपारची थाळी १००० ते १५०० येनमध्ये होते. आणि हा या सगळ्या महागड्या भागाचा मोठा गुपित मंत्र आहे, जे हॉटेल रात्री दारातूनच घाबरवतं तेच दुपारी ‘रान्ची’ म्हणजे लंच सेट परवडणाऱ्या भावात देतं. मोठं जेवण दुपारी, रात्री हलकं. सकाळचं म्हणाल तर पोहे-जलेबी विसरा. आम्ही जिरावण मसाला आणि सेव नेली होती, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या साध्या भातावर दही आणि जिरावण, देवाशप्पथ त्यावर दोन सकाळी निघाल्या.

गोड मात्र बिनधास्त खा. तोयोकावाच्या जवळच आओयामा रस्त्यावर तोराया आहे, सम्राटांच्या घरी मिठाई पुरवणारं जुनं घराणं, मूळ क्योटोचं, आताची इमारत २०१८ ची. तिथला योकान घ्या. लाल चवळीसारख्या अझुकीची पेस्ट, साखर आणि समुद्रशेवाळातला कांतेन, बस, जिलेटिन नाही, अंडं नाही. आपल्या बर्फीच्या चार पावलं पुढे गोड, पण पातळ काप करून कडू हिरव्या चहाबरोबर खाल्ला की कळतं. बंद पाकिटात टिकतो पण भरपूर, त्यामुळे इंदूरला द्यायला हीच भेट, आम्ही आठ नेले आणि कमी पडले.

खरेदीचं मी थोडक्यात सांगते कारण मी खरेदी केलीच नाही, बघितली. टोकियो मिडटाउन, २००७ चं, मागे मोठी हिरवळ आहे, ती फुकट. रोप्पोंगी हिल्स २००३ चं, दारात शिल्पकार लुईझ बूर्ज्वाने केलेला दहा मीटरचा मादी कोळी, जाळं विणणारा तो, उभा, पोटात अंडी घेऊन. आझाबुदाई हिल्स २०२३ चं, सगळ्यात नवं, टॉवर सुमारे ३२५ मीटर, म्हणजे शेजारच्या टोकियो टॉवरपेक्षा थोडाच कमी. ओमोतेसांदो अकासाकाहून दुसरं स्टेशन, झाडांखाली मोठ्या ब्रँडांची दुकानं. पासपोर्ट नेहमी जवळ ठेवा, परदेशी पाहुण्यांना ठरावीक रकमेवरच्या खरेदीवर १० टक्के कर माफ होतो, पण १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते, आधी कर भरायचा आणि देश सोडताना परत घ्यायचा, म्हणून बिलं आणि वस्तू हातसामानात ठेवा. आणि दुकानात बघून काही न घेता निघालात तरी कुणी तोंड वाकडं करत नाही. ताईंनी दोन हजारांचा रुमाल हातात घेऊन दहा मिनिटं विचार केला, त्या मुलीने दहा मिनिटं हसतमुखाने वाट बघितली. घेतला नाही.

दुपारी पाय बोलायला लागले की नॅशनल आर्ट सेंटरमध्ये जाऊन बसा, वास्तुकार किशो कुरोकावांची ती लाटेसारखी काचेची इमारत, आत यायला पैसे नाहीत, फक्त प्रदर्शनाला तिकीट. एका म्युझियमचं तिकीट जपून ठेवा, ते दाखवलं की मोरी, सन्टोरी आणि हे, तिघांत एकमेकांकडे सवलत मिळते.

आता रात्र. संध्याकाळी रोप्पोंगी हिल्सच्या ५२ व्या मजल्यावर सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी चढा, उजेड असताना शहर बघा, मग टोकियो टॉवर केशरी पेटताना. मग परत अकासाकात या आणि हितोत्सुगी, मिसुजी, तामाची या समांतर गल्ल्यांत फिरा. कधीकाळी पुढारी लोक इथल्या बंद दारांच्या रेस्टॉरंटांत, गेशांच्या मैफलीत बसून राजकारण ठरवायचे, आता जास्त करून इझाकाया आणि कोरियन खाणावळी. इझाकाया म्हणजे पिणं आणि बरोबर छोट्या प्लेटा. बसलात की न मागता एक छोटी वाटी समोर येते, ती फुकट नाही, ओतोशी म्हणतात, माणशी ३००-५०० येन बिलात लागतात, फसवणूक नाही, पद्धत आहे. टिप देऊ नका, परत द्यायला मागे पळत येतात. पिण्याचं वय २०. पीत नसाल तर मिडटाउनमधल्या बिलबोर्ड लाइव्हला गाणं ऐका, किंवा सन्टोरी हॉलमध्ये वाद्यवृंद, त्याचं तिकीट घरून काढून जा.

रोप्पोंगीच्या चौकाबद्दल मात्र स्पष्ट सांगते, विशेषतः मुलं एकटी जाणार असतील तर. रस्त्यावर उभा राहून इंग्रजीत गोड बोलून बारमध्ये चला म्हणणाऱ्या माणसाबरोबर जायचं नाही. कितीही फ्री ड्रिंक म्हटला तरी. ग्लासात काहीतरी मिसळणं, कार्डावर भलतीच रक्कम, असे प्रकार तिथे झालेत आणि वकिलाती आपापल्या लोकांना सावध करत असतात. उत्तर देऊ नका, थांबू नका, चालत राहा. बार स्वतः निवडा, ज्याच्या दारात भाव लिहिलेत असा.

आणि मेट्रो. आपल्याला वाटतं एवढं मोठं शहर, रात्रभर चालत असेल. नाही. साधारण बाराच्या आसपास शेवटची गाडी आणि मग पहाटे पाच. सराफ्यात एक वाजता शिकंजी पिऊन स्कूटरवर घरी यायची सवय असलेल्यांना हे कळायला वेळ लागतो. अकासाकात राहिलात तर रोप्पोंगीहून वीसेक मिनिटं चालत येता येतं, म्हणून तर म्हटलं इथे राहा. नाहीतर टॅक्सी, सुरुवात सुमारे ५०० येनपासून पण रात्री दहा ते पाच २० टक्के जास्त, आणि दार स्वतः उघडू नका, आपोआप उघडतं. ह्यांनी ओढून धरलं, ड्रायव्हर आतून ओरडला.

एक पिशवी जवळ ठेवा कचऱ्याला. इंदूरची माणसं आपण, कागद हातात असला की डबा शोधतो, तिथे रस्त्यावर डबा सापडत नाही, १९९५ च्या मेट्रोतल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर बरेच काढून टाकले. कचरा हॉटेलवर घेऊन या. मला आधी राग आला, मग जरा हेवाही वाटला, डबा नाही आणि तरी कागद नाही.

राहिलं ते कोल्ह्याचं नाणं. माझ्या पाकिटात आहे अजून, वर्ष व्हायला आलंय आणि भाच्याची बदली ओसाकाला झालीय. तुमच्यापैकी कुणी दिवाळीनंतर जाणार असेल तर सांगा, ते १० येन आणि वर माझे शंभर, एवढं तोयोकावाच्या पेटीत टाकून यायचंय.